ऋणप्रभार म्हणजे कर्ज का? भार, प्रभार, उदासीन

पोरगी नववीत आहे, काल रात्री पुस्तक घेऊन आली अन् म्हणते बाबा, इलेक्ट्रॉन ऋणप्रभारित आहे म्हणजे त्याच्यावर कोणाचं कर्ज आहे का? माझं इतवारीत किराणा दुकान, ऋण म्हटलं की मले उधारीची वहीच दिसते. अन् प्रभार म्हणजे आमच्या लेखी मुख्याध्यापक रिटायर झाले की दुसऱ्या सरांच्या गळ्यात पडतो तो. आम्ही तर सरळ चार्ज म्हणायचो. बरोबर शब्द कोणता?

—

भाऊ, शाळेच्या पुस्तकात प्रभार, विश्वकोशात विद्युत् भार, दोन्ही चालते. फक्त 'भार'ची पंचाईत अशी की अणुभार म्हटलं की तो वजनाचा, मग एकाच वाक्यात दोन भार आले की पोट्टे गडबडतात, 'प्र' लावला की घोळ मिटते. धन-ऋण मात्र जुनं आहे, ब्रह्मगुप्तानं 628 मधेच अधिक-उणे संख्यांना हे शब्द वापरले. विजेला प्लस-मायनस लावलं फ्रँकलिननं 18व्या शतकात, तेव्हा इलेक्ट्रॉन कोणाला माहीतच नव्हता, तो थॉमसनला 1897 मधे सापडला अन् निघाला नेमका मायनसवाला. कर्जबिर्ज काही नाही.

—

दादा, कर्ज एवढ्यात बाद नका करू, मी वर्गात तेच सांगते. मीठ घ्या. सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन घेतो. दिला तो धन, घेतला तो ऋण, म्हणजे चक्क धनको अन् ऋणको! मुलं हमखास विचारतात, मॅडम मिळालं तर वाढायला पाहिजे न, मायनस काहून? तर उधारीवर पोतं आणलं की दुकान भरलेलं दिसते, वहीत मात्र मायनसच पडते.

चिन्हाचं म्हणाल तर इलेक्ट्रॉनच्या ई च्या डोक्यावर उणे, प्रोटॉनच्या पी वर अधिक, न्यूट्रॉनच्या एन वर शून्य किंवा काहीच नाही. घाईत ई वर अधिक मारलं तर तो पॉझिट्रॉन होतो, वेगळाच कण, अन् पेपरात असे दोन-चार पॉझिट्रॉन दरवर्षी निघतात. वरून तोच ई प्रभाराच्या मापालाही वापरतात, 1.602 × 10⁻¹⁹ कूलोम, म्हणून इलेक्ट्रॉनचा प्रभार 'उणे ई' लिहायचा.

—

अन् न्यूट्रॉन उदासीन म्हणजे उदास नाही बरं का, उद् + आसीन, बाजूला बसलेला. पण आत सगळं चालूच असते, त्यात क्वार्क नावाचे आणखी बारके कण असतात, एक अप क्वार्क +2/3 चा, दोन डाऊन −1/3 चे, बेरीज शून्य. प्रोटॉनमधे दोन अप एक डाऊन, म्हणून +1.

—

ताई, धनको-ऋणको सांगितलं तिला, एकदम पटलं. आता विचारून राहिली, क्लोरीन परत केव्हा करतो?

—

स्वतःहून नाही करत. मीठ वितळवून त्यातून करंट सोडला की धनाग्रावर, म्हणजे बॅटरीच्या प्लसला जोडलेल्या कांडीवर, येऊन इलेक्ट्रॉन देतो. वसुलीला बॅटरी लागते.