दोघं मिळून नवीन रेसिपी करताना कामाची वाटणी कशी करता?

चवीपुरतं:
आम्ही दोघं सध्या सुट्टीच्या दिवशी मिळून एक नवीन पदार्थ करून बघतो, आधी घरात कधीच न झालेला. दोघांनाही मनापासून आवडतंय, कारण आठवडाभर "निघालीस का, जेवलास का" एवढंच बोलणं होतं आणि इथे मात्र दोन तास ओट्यापाशी उभं राहून मस्त गप्पा होतात. अडचण एवढीच की नवरा रेसिपीत लिहिलंय तेवढंच, अगदी ग्रॅमवर मोजून करणारा, आणि मी वास घेत, चव बघत पुढे जाणारी. भांडण वगैरे नाही होत, पण थोड्या वेळाने दोघांतलं कुणीतरी एक जण गप्प होतं आणि नुसतं सांगेल ते चिरत बसतं, ते मला नकोय. तुम्ही लोक कसं करता? एकेकाने अख्खा पदार्थ घ्यायचा की एकाच पदार्थातली कामं वाटायची? ओटा पण लहान आहे, शेजारी उभं राहिलं की कोपराला कोपर लागतं.

मंद_आच:
आमच्याकडे एकच नियम आहे, एका पदार्थाचा एकच मालक. मीठ किती, गॅस कधी बंद, हे तोच ठरवणार, दुसऱ्याने चव बघून मत द्यायचं पण हात घालायचा नाही. पुढच्या वेळी अदलाबदल. आणि सुरुवात करायच्या आधी एकाने रेसिपी शेवटपर्यंत मोठ्याने वाचायची, कारण "रात्रभर भिजवून ठेवलेले" हे वाक्य नेहमी मधेच कुठेतरी लपलेलं असतं. वेळेवर तर अजिबात विश्वास ठेवू नका. कांदा गोडसर, गडद तपकिरी होईपर्यंत परतायला बऱ्याच ठिकाणी दहा मिनिटं लिहितात, खरं तर मंद आचेवर त्याला पाऊण तास सहज लागतो. तेवढ्या वेळात दुसऱ्याने काय करायचं ते आधी ठरलेलं असेल तर कुणी रिकामं उभं राहत नाही.

ओव्हनवाली:
मला वाटतं तुम्ही दोघंही बरोबर आहात, फक्त पदार्थ बघून ठरवायला पाहिजे कुणाचं चालणार ते. बेकिंग असेल तर नवऱ्याकडे द्या आणि काटा वापरा, कप नको. एकच कप मैदा चाळून हलक्या हाताने भरला तर साधारण 120 ग्रॅम भरतो, दाबून भरला तर 150 च्या पुढे, एवढ्या फरकाने केक कोरडा होतो. त्यात रेसिपी कुठली आहे तेही बघा, ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून 20 मिलीचा असतो आणि बाकी बहुतेक ठिकाणी 15 चा. यीस्टला पाणी कोमटच लागतं, 60 अंशांच्या आसपास ते मरून जातं, तिथे अंदाज चालत नाही.
सूप, सॉस, भाज्या परतणं हे सगळं तुमचं. तिथे टोमॅटो किती आंबट निघाला हे कुठलाही काटा सांगू शकत नाही, जिभेलाच कळतं. फक्त सॉस आटणार असेल तर मीठ शेवटी, कारण पाणी उडून जातं आणि मीठ तेवढंच राहतं.

चार_हात:
वरचं सगळं ठीक आहे पण मला ते मालकवालं प्रकरण नाही पटत, अशाने एका ओट्यावर दोघं वेगवेगळा स्वयंपाक करतात आणि मग एकत्र करण्यातली मजाच जाते. त्यापेक्षा ज्याला खरंच चार हात लागतात असे पदार्थ निवडा ना. घरी पास्ता करा, एकाने मशीन फिरवायचं दुसऱ्याने पट्टी धरायची, किंवा सारण भरायचं काहीतरी, एक लाटतोय एक भरतोय. तिथे वाटणी आपोआप होते, कुणी गप्प बसूच शकत नाही. एक गोष्ट मात्र कडक पाळा, कच्चं चिकन एकानेच हाताळायचं, त्याच्यासाठी बोर्ड आणि सुरी वेगळी, आणि मसाल्याचे डबे दुसऱ्याने उघडायचे. दोघांचे हात सगळीकडे लागले की काय कुठे लागलं ते कळत नाही. शिजलं की नाही हे रंगावरून ठरवू नका, आतून 74 अंश झालं पाहिजे, छोटा थर्मामीटर घेऊन ठेवा. आणि गरम भांडं घेऊन मागून जाताना आवाज द्या, लहान ओट्याला हे फार लागतं.

चवीपुरतं:
@ओव्हनवाली हे आवडलं, पदार्थ बघून ठरवायचं. त्याला आत्ताच वाचून दाखवलं, काटा आहे म्हणून तो भलताच खूश आहे. @चार_हात पास्ता मशीन नाहीये आमच्याकडे, लाटण्याने जमेल का? आणि प्रमाण काय?

चार_हात:
लाटण्याने मस्त होतो, थोडा जाड राहील एवढंच. 100 ग्रॅम मैद्याला एक अंडं, दोघांसाठी 200 ला दोन पुरे. दहा मिनिटं चांगलं दाबून मळा, मग झाकून अर्धा तास तसंच ठेवा, हे टाळू नका, नाहीतर लाटलं की गोळा परत आत ओढला जातो. त्या अर्ध्या तासात तुमचा सॉस होईल. ताजा पास्ता उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटांतच शिजतो, म्हणून सॉस पूर्ण तयार झाल्यावरच टाका. मैदा त्याला मोजू दे, सॉस तुम्ही बघा, आणि लाटायला दोघं.

मंद_आच:
आणि पास्त्याचं पाणी ओतून देऊ नका सगळं, एक वाटी बाजूला काढा. त्यात स्टार्च असतो, सॉस घट्ट झाला तर थोडं थोडं घालून हलवा, छान चिकटून येतो.