मदत हवी आहे: जिल्हा परिषद शाळेचे छप्पर पावसाआधी कसे उरकावे? कौले की पत्रे?

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यातील एका वाडीच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक सदस्य आहे. इमारत जुनी आहे: जांभ्या चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौले, दोन वर्गखोल्या आणि मागच्या बाजूला पोषण आहाराची खोली. या सुट्टीत छपराचे काम करायचे असे समितीने ठरवले आहे. मात्र दोन मुद्द्यांवर आमचे एकमत होत नाही आणि तालुक्याच्या कार्यालयातून प्रत्येक वेळी वेगळे उत्तर मिळते, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

शाळा १५ जूनच्या सुमारास उघडते, त्यामुळे कागदावर दीड महिना दिसतो. पण कोकणात मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कौले उतरवून ठेवण्याचे धाडस कोणी करत नाही. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत येऊन पोहोचला होता. म्हणजे १ मे रोजी निकाल लागल्यावर खरे तर तीनच आठवडे हाती राहतात, आणि नेमके तेव्हाच सुतार व गवंडी घरोघरच्या शाकारणीत, म्हणजे पावसाआधी कौले उतरवून नीट बसवण्याच्या कामात, अडकलेले असतात.

छपराचे आढे आणि तुळया ठीक आहेत. पश्चिमेकडील वाशांची टोके मात्र वाळवीने पोखरली आहेत. खिळा हाताने दाबला तरी आत जातो. तिथल्या रीपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या) खचल्यामुळे कौलांची ओळ बसली आहे आणि पाणी पागोळीला न जाता भिंतीत मुरते. त्याच भिंतीवर, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यापासून सुरू होऊन तिरपी वर जाणारी एक भेग आहे, आणि तिच्या खाली वीतभर अंतरावर विजेचा बोर्ड आहे. गेल्या पावसाळ्यात त्या बोर्डाला हात लावू नका, असे मुलांना रोज बजावावे लागत होते.

पहिला प्रश्न या भेगेचा. ती केवळ गिलाव्याची आहे की चिऱ्यांच्या सांध्यातून गेली आहे, हे आम्हाला ठरवता येत नाही. खोली धोकादायक ठरली तर निर्लेखनाचा, म्हणजे ती वापरातून बाद करून पाडण्याचा, प्रस्ताव करावा लागेल, असे मुख्याध्यापक म्हणतात. तसे झाले तर त्या खोलीवर खर्च करण्यात अर्थ उरत नाही. बांधकाम उपविभागाच्या अभियंत्यांनी पाहणी करावी यासाठी समितीच्या ठरावासह पत्र दिले आहे. पाहणी होण्याआधी आम्ही वासे बदलायला घेतले, तर पुढे निर्लेखनाच्या वेळी त्यावर आक्षेप येतो का? दरम्यान दोन्ही वर्ग समाजमंदिरात भरवायचे झाल्यास लेखी परवानगी कोणाकडून घ्यावी?

दुसरा प्रश्न पैशांचा, आणि त्यातूनच निघालेल्या वादाचा. आमचा पट ३१ ते १०० या गटात येत असल्याने समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान वर्षाला २५ हजार रुपये मिळते, आणि त्यातील किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करावे लागतात. उरलेल्या रकमेत खडू-फळ्यापासून वीजबिलापर्यंत सगळे भागवायचे असल्याने छपरासाठी हाती फारसे काही उरत नाही. ग्रामपंचायतीकडील वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी व स्वच्छतेचा असल्याने त्यातून मुलींच्या स्वच्छतागृहाचे काम होईल. छपराला तो लागू नाही.

म्हणून वाडीच्या मुंबई मंडळाने (मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांच्या मंडळाने) मदत देऊ केली आहे, परंतु त्यांना संपूर्ण छप्पर काढून रंगीत पत्रे घालायचे आहेत. पत्र्यांना दरवर्षीच्या शाकारणीची कटकट नाही, माकडांनी कौले फोडण्याचा त्रास नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण पाऊस सुरू झाला की पत्र्याखाली शिक्षकांचा आवाज पहिल्या बाकापलीकडे जात नाही, हे शेजारच्या गावातल्या शाळेत आम्ही पाहिले आहे. शिवाय ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आपल्या भागातले पत्रे कुठच्या कुठे उडाले होते. माझे मत असे, की फक्त पश्चिमेकडचे वासे आणि रीपा बदलाव्यात, चांगली कौले पुन्हा वापरावीत आणि वाचलेल्या पैशांत वीजजोडणी नव्याने करून बोर्ड आतल्या कोरड्या भिंतीवर हलवावा. मंडळाला मात्र देणगी डोळ्यांना दिसेल असे काम हवे आहे, आणि त्यात गैर काही नाही.

लोकसहभागातून छपराचा प्रकार बदलायचा असेल तर अंदाजपत्रक व तांत्रिक मान्यता लागते का, की समितीचा ठराव पुरतो? पत्रेच घालायचे ठरले तर खाली आवाज कमी करण्यासाठी कोणी काय केले आहे, आणि वाऱ्यासाठी ते कसे आवळले आहेत? वाशांसाठी किंजळ किंवा आईनाचे लाकूड मिळत नसल्यास लोखंडी चौकोनी पाइपवर कौले बसवण्याचा अनुभव कोणाला आहे का? खाऱ्या हवेत ते पाइप किती टिकतात, हेही कृपया सांगावे.

समितीची बैठक येत्या रविवारी आहे. तोपर्यंत पत्र्यांची मागणी नोंदवू नका, असे मंडळाला कळवले आहे.