दालचिनी-जायफळाचे पातळ क्रेप: जाड, चिवट होतात आणि मसाला तळाशी बसतो

माडाखाली, रत्नागिरी

अमेरिकेत पानगळीच्या दिवसांत दालचिनी, सुंठ, जायफळ आणि लवंग असा एकत्र मसाला वापरतात, त्या चवीचे हलके क्रेप (फ्रेंच पद्धतीचे अगदी पातळ, मऊ पॅनकेक) घरी करायचे आहेत. आपल्याकडे सध्या लाल भोपळाही भरपूर आहे, म्हणून तोही घालायचा आहे. प्रमाण असं घेतलं: दीड वाटी मैदा, दीड वाटी दूध, ३ अंडी, अर्धी वाटी भोपळ्याचा गर, पाव वाटी गूळ, १ चमचा दालचिनी पूड आणि बाकीचा मसाला मिळून अर्धा चमचा. सगळं मिक्सरला फिरवून लगेच बिडाच्या तव्यावर घातलं. क्रेप जाड आणि चिवट झाले, कडेला करपले, उलटताना फाटले. शेवटच्या दोन-तीन क्रेपमध्ये सगळा मसाला उतरला, ते कडू लागले. नेमकं कुठे चुकतंय?

बिडाचा तवा

आधी पीठ बघू. मैद्याइतकंच दूध घेतलंत तर ते धिरडं होणार, क्रेप नाही. वाटीऐवजी वजनावर या: १२५ ग्रॅम मैदा, २ अंडी, ३०० मिली दूध, २५ ग्रॅम वितळलेलं लोणी, चिमूटभर मीठ, १ चमचा साखर. २० सेंमीच्या तव्यावर १० ते १२ होतात.

मिक्सर नको. मैद्यात अंडी आणि फक्त १०० मिली दूध घालून रवीने किंवा व्हिस्कने घट्ट, गुळगुळीत करा. गुठळ्या घट्ट पिठातच मोडतात, पातळ पिठात नुसत्या तरंगत राहतात. मग उरलेलं दूध हळूहळू घाला आणि गाळून घ्या. मिक्सरमध्ये मैद्यातलं ग्लूटेन ताणलं जातं आणि हवा भरते. चिवटपणा ग्लूटेनचा, बुडबुड्यांची मोठी भोकं हवेची. म्हणून पीठ किमान अर्धा तास झाकून ठेवा. ताण सैलावतो, मैदा दूध पिऊन घेतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात अंड्याचं पीठ ओट्यावर ठेवू नका, फ्रिजमध्येच ठेवा. बाहेर काढल्यावर घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध घाला. ताकापेक्षा किंचित दाट हवं: पळीच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली तर क्षणभर राहावी.

तवाही चुकलाय. बिडाचा तवा घावनांसाठी उत्तम, पण क्रेपचं पीठ तवा हातात घेऊन मनगटाने फिरवावं लागतं आणि बीड तेवढं जड. हलका लोखंडी किंवा नॉनस्टिक घ्या. मध्यम आच, लोणी लावून लगेच कापडाने पुसून काढायचं. लोणी जास्त राहिलं की पीठ त्यावरून घसरतं आणि मध्ये जाड, कडेला विरळ होतं. तवा गॅसवरून उचला, ४५ मिली पीठ (मोठे तीन चमचे) ओता, तीन सेकंदांत सगळीकडे फिरवा. कड सुटून तांबूस झाली की, म्हणजे ४५ ते ६० सेकंदांनी, पातळ कालथ्याने उलटा. दुसऱ्या बाजूला १५-२० सेकंद पुरे. पहिला क्रेप तव्याचा अंदाज घेण्यासाठीच असतो, त्यावरून आच ठरवा. झालेले एकावर एक रचून वर ताट झाका, वाफेने कडा मऊ राहतात.

सुपारीबाग, दापोली

मसाल्याचं मी सांगतो. १ चमचा दालचिनी या पिठाला फार झाली. १२५ ग्रॅम मैद्याला: दालचिनी अर्धा चमचा, सुंठ पाव चमचा, जायफळ बारीक किसणीवर आठ-दहा फेरे, लवंगेची पूड फक्त सुरीच्या टोकावर मावेल तेवढी. लवंग वाढली की बाकीचं काही कळत नाही.

दालचिनी कोणती आहे ते बघा. जाड, टणक, एकच वळसा असलेली साल म्हणजे कॅशिया. ती उग्र असते आणि ओलसर पिठात तिची पूड बुळबुळीत होते. बोटांनी चुरडता येईल अशी, पातळ पापुद्र्यांची गुंडाळी ही खरी दालचिनी. आपल्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ याच दालचिनीची जात. जायफळाच्याही ‘कोकण सुगंधा’ आणि ‘कोकण स्वाद’ अशा जाती विद्यापीठाने दिल्या आहेत. माडाच्या किंवा पोफळीच्या बागेत ही झाडं सावलीला होतात, तेव्हा बागायतदाराकडूनच साल आणि अख्खं जायफळ घ्या. तयार पूड नको, सुगंध आधीच उडालेला असतो.

आता तळाशी बसण्याचं कारण. पूड पाण्यात विरघळत नाही, तिचा सुगंध तेलकट असतो. म्हणून मसाला पिठात कोरडा घालू नका. लोणी वितळवून गॅस बंद करा, त्या गरम लोण्यात मसाला घालून दोन मिनिटं ठेवा. गॅस चालू असताना घातला तर दालचिनी करपून कडू होते. हे लोणी पीठ मुरल्यानंतर, क्रेप करायच्या अगदी आधी ढवळा. पीठ फ्रिजमधलं असेल तर आधी साध्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर लोण्याचे कण गोठतात. एवढं करूनही थोडं खाली बसणारच. प्रत्येक क्रेपला पळी तळापर्यंत नेऊन पीठ ढवळा.

आंबोळीवाला, मालवण

भोपळा पिठात घालूच नका, असं माझं ठाम मत. त्याच्या गरात पाणी आणि तंतू, बांधून ठेवणारं काही नाही. अर्ध्या वाटीने क्रेप फाटणारच. अगदी रंगासाठी हवा असेल तर ६० ग्रॅमच्या वर नको. तोही उकडलेला नाही, वाफवून फडक्यातून गाळलेला, आणि दूध ३ मोठे चमचे कमी करा. मोदकपात्रात खाली हळदीचं पान घालून वाफवा, ही पानं या दिवसांत अजून हिरवी असतात.

गूळही पिठातून काढा. त्यातल्या साखरेमुळे कड आधी करपते आणि क्रेप तव्याला धरतो. दोन्ही गोष्टी सारणात शोभतात: २०० ग्रॅम भोपळा किसून १ चमचा तुपावर परता, पाणी आटलं की ६० ग्रॅम गूळ, पाव वाटी ओलं खोबरं आणि चिमूटभर सुंठ. कढईच्या कडा सोडून गोळा एकत्र आला की उतरवा. ओलं राहिलं तर क्रेप पाच मिनिटांत भिजून फाटतो. क्रेपवर एक चमचा पातळ पसरून चौघडी घाला, जास्त भरू नका.

माडाखाली, रत्नागिरी

मसाला लोण्यात घालायचं सुचलंच नव्हतं. अंड्याशिवाय, तांदळाच्या पिठाचे होतील का? घरात नव्या भाताचं पीठ आहे.

बिडाचा तवा

होतील, पण मग ते घावन. गुंडाळी करायची असेल तर अंड्याशिवायचा क्रेप असा: १०० ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम तांदळाचं पीठ, १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, ३२५ मिली दूध, लोणी-मसाला वरच्याप्रमाणेच. उलटायची घाई नको, अंडं नसल्याने कड पूर्ण सुटेपर्यंत हात लावू नका.

निव्वळ तांदळाचं हवं तर बिडाचाच तवा घ्या. १ वाटी पीठ, पावणेदोन ते २ वाट्या पाणी, मीठ, वरचाच मसाला निम्म्या प्रमाणात, १ चमचा पातळ तुपातून. नव्या तांदळाचं पीठ चिकट असतं आणि पाणी कमी पितं, म्हणून पावणेदोन वाट्यांवरच थांबा आणि मिळालं तर निम्मं जुन्या तांदळाचं मिसळा. तव्याला तेल लावायला नारळाची शेंडी किंवा अर्धा कांदा. तवा कडकडीत तापवा, पीठ कडेकडून आत ओता, पळीने पसरवू नका, पसरवलं की जाळी बुजते. झाकण घालून मिनिटभर, मग उलटा. थंड तव्यावर जाळी पडत नाही आणि घावन चिकटतं.

आंबोळीवाला, मालवण

या घावनांबरोबर सारण नको, नारळाचा रस घ्या. जाड दूध १ वाटी, गूळ पाव वाटी, वेलची आणि जायफळ. गूळ आधी थोड्या पाण्यात विरघळवून गाळा, थंड करा, मग दुधात मिसळा. गॅसवर ठेवू नका, जाड दूध तापलं की फुटतं.