घरच्या वायनरीत टेस्टिंगला गेला होतात का? अनुभव टाका

गेल्या महिन्यात नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला टेकडीवरच्या एका छोट्या वायनरीत गेलो होतो. सून टेस्टिंग घेते आणि दीर टाक्या बघतो असला घरचा कारभार. गिऱ्हाईक आम्हीच, त्यामुळे दीरसाहेबांनी स्टीलच्या टाकीचा नळ सोडून थेट ग्लासात शेनिन ब्लां ही पांढरी वाईन दिली, गढूळ, पिठासारखी दिसणारी, यीस्टचा वास येणारी, आणि मग तीच गाळून बाटलीत भरलेली. दोन्ही शेजारी ठेवून पिण्यात जी मजा आली ती सांगता येत नाही. तुमचेही किस्से येऊ देत, नाशिकचेच हवेत असं नाही. फक्त स्विमिंग पूल आणि सेल्फी पॉइंटची वर्णनं नकोत प्लीज.

---

आमचं निफाडकडे थॉमसनचं, म्हणजे बिनबियांच्या खायच्या द्राक्षांचं, रान आहे. वडिलांना घेऊन गेलो तर ते टेस्टिंग रूममध्ये शिरलेच नाहीत, सरळ बागेत. घड बघून म्हणाले, हा काय माल, मणी केवढुसे! मग एक मणी तोंडात टाकला आणि गप्पच झाले. साल जाड, आत बिया, पण साखर भरपूर, आपण खायची द्राक्षं अठराच्या आसपास ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) उतरवतो, हे लोक बावीस-चोवीसपर्यंत थांबतात. मणी फुगवायला जीएचं (जिबरेलिक आम्ल) डिपिंग, म्हणजे घड त्यात बुडवणं, वगैरे भानगड नाही, कारण वाईनला लहान मणीच बरा, रसाच्या मानाने साल जास्त मिळते. छाटण्या मात्र आपल्यासारख्याच, एप्रिलला खरड (नव्या काड्यांसाठी) आणि पावसाळा सरला की गोडी बहाराची (फळासाठी). उतारावरच्या मुरमाड जमिनीत पाणी साचत नाही हे बाबांना फार आवडलं. पुढे मालक आणि ते डावणी-भुरी या द्राक्षांवरच्या रोगांवर असे काही बोलत बसले की मी एकट्याने सगळे ग्लास संपवले, त्यांनी एक घोटही घेतला नाही.

---

वरच्या दादांचे बाबा भारी!! आमच्या सासूबाई उलट, आयुष्यात थेंब न घेतलेल्या, पण बडबड करणारी मुलगी दिसली की खूश. त्यांनी विचारलं, पांढरी वाईन पांढऱ्या द्राक्षांची आणि लाल काळ्या द्राक्षांची, हो ना गं बाळा? हंगाम चालू होता, तिने शिराझचा एक काळा मणी घेऊन बशीत पिळला, रस जवळजवळ पाण्यासारखा. रंग सगळा सालीत, लाल करायची तर सालीसकट आंबवायचं, रोझेला, म्हणजे गुलाबी वाईनला, थोडाच वेळ साल ठेवून काढून घ्यायची. सासूबाईंनी मग ती बशी हातात धरून आमच्या ह्यांना, नणंदेला, ड्रायव्हरला, सगळ्यांना तेच समजावलं. रोझे चाखली म्हणे फक्त. दुसऱ्यांदा ग्लास पुढे केला ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

---

सगळं गोड गोड नसतं हो. आम्ही लाँग वीकेंडला एका ठिकाणी गेलो, नाव नको, तर लॉनवर डीजे, टेस्टिंगला रांग, पोरगं ग्लासात ओतून नाव सांगून पुढे. कशाची वाईन, कुठलं वर्ष, विचारायला तोंड उघडेपर्यंत तो पुढच्या टेबलावर. जायचंच तर मंगळवार-बुधवारी जा, आणि जानेवारी ते मार्चमध्ये, तेव्हा द्राक्षं उतरत असतात.

---

व्हिएन्नाहून लिहितोय. इथे डी नंबरची ट्राम नुसडॉर्फला सोडते, तिथून चढ चढला की नुसबर्ग टेकडीवर द्राक्षमळे सुरू, आणि हे सगळं शहराच्या हद्दीत! घरच्या वाईनच्या अंगणवजा खानावळीला हॉयरिगर म्हणतात, सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८४ मध्ये मळेवाल्यांना स्वतःची वाईन घरी विकायची परवानगी दिली तेव्हापासूनचं. दाराला पाइनची डहाळी टांगलेली असली की उघडं. इथली खासियत गेमिश्टर झाट्झ, म्हणजे एकाच मळ्यात वेगवेगळ्या जातींच्या वेली आणि सगळी द्राक्षं एकत्र काढून एकत्रच आंबवायची. आम्ही जातो तिथली आजी बिल पेन्सिलीने कागदावर करते आणि फक्त रोख घेते, कार्ड दाखवलं की अशी बघते की बायको माझ्या आधी पाकीट काढते.

---

नाशिकवाले, २ ऑक्टोबरला जोडून सुट्टी आहे, फॅमिली घेऊन यायचा विचार करतोय, कुठलं सुचवाल?

---

२ ऑक्टोबर ड्राय डे असतो साहेब. टेस्टिंग बंद. मिसळ खायला या, बाकीचं दुसऱ्या दिवशी बघू.