रिझ्यूमनंतर 'आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड', नेटवर्क कार्ड आणि यूएसबी दोन्ही आडवे

अक्कलकोट_रोड:
टॉवेलच्या मागांचं उत्पादन मोजणाऱ्या बिनपंख्याच्या पीसीत एफपीजीएवर (आतलं सर्किट नंतर हवं तसं भरता येणारी चिप) केलेलं पीसीआय एक्सप्रेस नेटवर्क कार्ड आहे. लिनक्स ड्रायव्हर आमचाच. कार्डात एमएसआय (इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला द्यायची हाक, संदेशानं पाठवायची नवी पद्धत) नाही, जुनी लेव्हलवाली (काम होईपर्यंत ओढलेलीच राहणारी) इंटरप्ट लाइन आहे आणि तीच १६ नंबरची लाइन (आयआरक्यू १६) यूएसबी कंट्रोलरही वापरतो. सोलापूरचा मे महिना, त्यात पत्र्याची बंद पेटी. म्हणून माग बंद असताना पीसी सस्पेंड करायचा आणि नेटवर्कवरून उठवायचा, असं ठरलंय.

दहा वेळा सस्पेंड केलं की दोन-तीनदा उठल्यावर वरचा मेसेज येतो. नेटवर्क बंद, बारकोड स्कॅनरही अडखळतो.

हँडलर (इंटरप्ट आला की चालणारं ड्रायव्हरचं फंक्शन) कार्डाचं स्टेटस रजिस्टर वाचतो. शून्य असेल तर आयआरक्यू_नन ('माझा नव्हे'). नसेल आणि नापी_शेड्यूल_प्रेप() खरं आलं (नापी म्हणजे पॅकेटं एकेका इंटरप्टऐवजी पोलनं, गठ्ठ्यानं उचलायची कर्नलची सोय), तर कार्डाचे इंटरप्ट मास्क (तात्पुरते बंद) करून पोल शेड्यूल करतो आणि आयआरक्यू_हँडल्ड परत देतो. खोटं आलं तर आयआरक्यू_नन. रिझ्यूमचा (उठतानाचा) क्रम: रजिस्टरं भरणं, इंटरप्ट उघडणं, नापी_एनेबल(), नेटिफ_डिव्हाइस_अटॅच(). चूक कुठं आहे?

जुळे_सोलापूर:
दोन चुका आहेत आणि त्या एकमेकींना धरून आहेत.

इंटरप्ट उघडल्यापासून नापी_एनेबल() होईपर्यंतच्या फटीत एखादं पॅकेट आलं की कार्ड लाइन ओढून धरतं. नापी अजून बंद, म्हणून प्रेप खोटं. तुमचा हँडलर मास्क न करताच 'माझा नव्हे' म्हणून परततो. लाइन लेव्हलची असल्यामुळे हँडलर लगेच पुन्हा चालतो, पुन्हा तेच. कर्नल दर १,००,००० इंटरप्टमागे हिशोब बघतो. त्यातले ९९,९०० हून जास्त कुणी घेतलेच नसतील तर लाइनच बंद करतो. यूएसबी त्याच लाइनवर, त्यामुळे तोही अडकतो. रोज होत नाही, कारण त्या फटीत पॅकेट यावं लागतं.

इंटरप्ट आपला आहे की नाही हे फक्त स्टेटस रजिस्टरवरून ठरवा, प्रेपवरून कधीच नाही. स्टेटस आपलं असेल तर आधी मास्क, मग प्रेप खरं असेल तर शेड्यूल, आणि दोन्ही वेळी हँडल्ड. पोल आधीच चालू असल्यामुळे प्रेप खोटं आलं तरी काम हरवत नाही. नापी तशी खूण ठेवतं आणि पोल संपताना पुन्हा शेड्यूल होतो. रिझ्यूममध्ये नापी_एनेबल() आधी, इंटरप्ट सगळ्यात शेवटी.

सस्पेंडमध्ये उलटा क्रम: मास्क, सिंक्रोनाइज_आयआरक्यू() (चालू हँडलर संपेपर्यंत थांबणं), मग नापी_डिसेबल().

होटगी_रोड:
सस्पेंडच्या क्रमाशी मी सहमत नाही. तुम्ही मास्क केलं त्याच वेळी दुसऱ्या कोअरवर पोल चालू असेल, तर तो बजेटपेक्षा (एका फेरीत उचलायच्या पॅकेटांच्या मर्यादेपेक्षा) कमी काम करून नापी_कम्प्लीट_डन() करतो, म्हणजे पोल संपवतो, आणि इंटरप्ट परत उघडतो. तुमचं मास्क वाया.

म्हणून असं करा: नेटिफ_डिव्हाइस_डिटॅच(), नापी_डिसेबल(), मग मास्क, मग तेच रजिस्टर एकदा वाचणं, शेवटी सिंक्रोनाइज_आयआरक्यू(). नापी_डिसेबल() चालू पोल संपेपर्यंत थांबतं, त्यानंतर इंटरप्ट उघडणारं कुणी उरत नाही. मधल्या वेळेत इंटरप्ट आलाच तर दुरुस्त हँडलर स्वतःच मास्क करतो. रजिस्टर परत वाचायचं कारण, पीसीआयवरचं लिहिणं वाटेत रेंगाळू शकतं. वाचलं की ते कार्डापर्यंत पोचल्याची खात्री होते. नापी_डिसेबल() झोपू शकतं, स्पिनलॉक (ज्यात झोपता येत नाही असं कुलूप) धरून ते बोलावू नका. आणि शेअर्ड लाइनवर डिसेबल_आयआरक्यू() वापरू नका, त्यानं यूएसबीचा इंटरप्टही बंद होतो.

रनटाइम पॉवर मॅनेजमेंट (पीसी जागा असतानाच रिकामं कार्ड झोपवणं) चालू असेल तर आणखी एक पाहा. कार्ड डी३ मध्ये, म्हणजे झोपेच्या अवस्थेत, आणि यूएसबीचा इंटरप्ट आला, की तुमचाही हँडलर चालतो. झोपलेल्या कार्डाचं रजिस्टर वाचलं की सगळे बिट १ येतात, म्हणजे ०xएफएफएफएफएफएफएफएफ. शून्य नाही म्हणून हँडलर ते आपलं समजतो. ही किंमत दिसली की सरळ आयआरक्यू_नन द्या.

अक्कलकोट_रोड:
दोन्ही बदल केले, मेसेज गेला. दोन गोष्टी राहिल्यात. रनटाइम सस्पेंड चालू असताना ईथटूल (नेटवर्क कार्डाच्या सेटिंग बघायची कमांड) चालवलं की ते लटकतं, १२० सेकंदांनी कर्नल 'टास्क ब्लॉक्ड' लिहितो. आणि मॅजिक पॅकेटनं (नेटवर्कवरून उठवायच्या खास पॅकेटनं) पीसी उठत नाही.

जुळे_सोलापूर:
होटगी_रोड बरोबर आहेत, पोलची शर्यत माझ्याकडून सुटली.

ईथटूलचं: तुमच्या रनटाइम रिझ्यूममध्ये आरटीएनएल_लॉक() (नेटवर्क सेटिंग बदलताना धरायचं कर्नलचं कुलूप) असणार. ईथटूल तोच लॉक धरून कार्ड जागं करायला जातं, आणि रिझ्यूम त्याच लॉकसाठी थांबतो. तो लॉक रनटाइमच्या वाटेतून काढा, सिस्टीम रिझ्यूमच्या फंक्शनमध्येच ठेवा.

होटगी_रोड:
मॅजिक पॅकेटसाठी सस्पेंडमध्ये डिव्हाइस_मे_वेकअप() (कार्डाला पीसी उठवायची परवानगी आहे का) तपासा. ते खरं असेल तर रिसीव्हचा भाग आणि पीएचवाय (केबलशी बोलणारा भाग) चालू राहू द्या, फक्त डीएमए (कार्डानं थेट मेमरीत लिहिणं-वाचणं) थांबवा. बहुतेक वेळा ड्रायव्हर सगळंच बंद करतो, मग पॅकेट बघणार कोण? उठवण्याचा इशारा पीएमई (पीसीआयवरचा उठवण्याचा वेगळा संकेत) वाटेनं जातो, त्यामुळे नेहमीचे इंटरप्ट मास्क असले तरी अडचण नाही. एफपीजीएत पीएमई खरंच केलंय का, तेही बघून घ्या. वीज वाचवायची असेल तर फी_स्पीड_डाउन() नं लिंक कमी वेगावर आणा.

मॅजिक पॅकेटचा मजकूर १०२ बाइटचा: ६ वेळा एफएफ, मग कार्डाचा ६ बाइटचा मॅक पत्ता १६ वेळा. ब्रॉडकास्ट असल्यामुळे राउटरपलीकडून साधारणपणे येत नाही. ऑफिस दुसऱ्या सबनेटमध्ये असेल तर मागांच्या शेडमधल्या एखाद्या चालू मशीनवरून पाठवा.

तपासताना कर्नलच्या पीएम_टेस्ट फाइलमध्ये (सस्पेंड कुठल्या टप्प्यापर्यंत करून बघायचा ते ठरवणारी) आधी 'डिव्हाइसेस', मग दुसऱ्या पायरीत 'प्लॅटफॉर्म' लिहा आणि दर वेळी स्टेट फाइलमध्ये 'मेम' लिहा. मशीन पूर्ण न झोपता ५ सेकंदांनी परत येतं. पहिल्या पायरीत पीसीआय कोअर कार्डाला डी३ मध्ये नेत नाही, ते काम नॉआयआरक्यू (ड्रायव्हरांचे इंटरप्ट बंद झाल्यावरच्या) टप्प्यात होतं, म्हणून दुसरी पायरी वगळू नका. दुसऱ्या पीसीवरून पिंगचा मारा चालू ठेवून दोनशे फेऱ्या करा. मारा नसेल तर ती फट सापडत नाही.