मेमरी साफ करायला नको, अ‍ॅप बंद करायला घ्या

मॅकवर मेमरी दाखवणारं आणि सगळी अ‍ॅप्स एका क्लिकमध्ये बंद करणारं छोटं टूल घ्यावं का, असं विचारलंत. घ्या, पण बंद करण्यापुरतंच. सोलापुरात अशोक चौकाजवळ आमचं टॉवेल-चादरीच्या डिझाइनचं काम चालतं, ८ जीबीच्या मॅकवर. पोरं खिडकीचं लाल बटण दाबतात आणि अ‍ॅप बंद झालं म्हणून मोकळी होतात. खाली डॉकमध्ये चिन्हाखालचा ठिपका तसाच! परवा दुपारी मोजलं, एकही खिडकी उघडी नाही आणि सात अ‍ॅप्स जिवंत. कमांड-क्यू दाबल्याशिवाय बहुतेक हलत नाहीत.

मोकळी मेमरी कमी दिसते म्हणून मात्र घाबरू नका. उरलेली जागा सिस्टीम फायलींच्या कॅशला, म्हणजे पुन्हा लागतील त्या हाताशी ठेवायला, वापरते, गरज पडली की सोडते. शिवाय २०१३ च्या मॅव्हरिक्स या मॅक सिस्टीमच्या आवृत्तीपासून मेमरी दाबून बसवायची सोय आहेच. मॅकमध्येच असलेल्या अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर अ‍ॅपमधला मेमरी प्रेशरचा आलेख बघा. हिरवा असेल तर खुशाल चहा प्या.

आणि हो, ‘फोर्स क्विट’, म्हणजे अ‍ॅप जबरदस्तीनं बंद करणं, सेव्ह करायचं विचारत नाही. आमचं एका जेकार्ड चादरीचं अर्ध्या दिवसाचं काम असंच गेलं. मोर होता त्यावर, पिसाऱ्यासकट.