शब्दचर्चा: ‘ती लेकुरवाळी नव्हती’ म्हणजे काय?

शेवंती:
केट शोपां यांच्या ‘द अवेकनिंग’ (१८९९) या कादंबरीचा अनुवाद करते आहे, चौथ्या प्रकरणात अडले आहे. नायिका एड्ना पाँटेलिए हिचे मुलगे खेळताना पडले तर रडत आईच्या कुशीत धावत नाहीत. उठतात, डोळ्यांतलं पाणी नि तोंडातली वाळू पुसतात आणि पुन्हा खेळायला लागतात. एवढं सांगून निवेदन निष्कर्षाला येतं: थोडक्यात, मिसेस पाँटेलिए ‘मदर-वुमन’ नव्हत्या. पुढच्याच वाक्यात तो शब्द अनेकवचनात येतो, की त्या उन्हाळ्यात ग्रँड आइल या सुट्टीच्या बेटावर अशाच बायकांचा भरणा होता. मी ‘लेकुरवाळी’ योजला. संपादकांनी शेरा मारला, ‘दोन मुलगे आहेत, मग लेकुरवाळी कशी नाही?’ मला वाटतं लेकुरवाळी हा स्वभावही असू शकतो. तुमचं मत?

नानाकाका:
संपादकांचं बरोबर आहे. लेकुरवाळी ही स्थिती आहे, स्वभाव नव्हे. ओटी भरायला लेकुरवाळी सवाष्ण बोलावतात ती तिची मुलं पाहून, माया मोजून नव्हे. शिवाय ‘लेकुरवाळी नव्हती’ म्हटलं की मराठी कानाला ‘मूल नव्हतं’ असंच ऐकू येतं. शोपां यांना म्हणायचंय त्याच्या हे अगदी उलट.

गोदातीर:
नाना, मग ‘विठो माझा लेकुरवाळा’चं काय? तिथे मुलं अंगाखांद्यावर घेणं, त्यांच्यात रमणं हाच अर्थ आहे. स्वभाव आलाच की.

नानाकाका:
तिथेसुद्धा लेकरं दिसतात! निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला. चित्र आहे ते, स्वभाववर्णन नाही. आणि होकारार्थी चालणारा शब्द नकारात चालेलच असं नाही. ‘सवाष्ण नव्हती’ म्हटल्यावर काय कळतं ते पाहा.

अनुवादक_ठाणे:
शेवंतीताई, कुठलाही शब्द घ्या, तीन ठिकाणी घासून बघा. एक, एकवचनी नकार. दोन, अनेकवचनी ‘भरणा’. तीन, त्यानंतरची व्याख्या: मुलांची मूर्तीसारखी पूजा करणाऱ्या, नवऱ्याला देव मानणाऱ्या, स्वतःला व्यक्ती म्हणून पुसून टाकणं हा पवित्र मान समजणाऱ्या. लेकुरवाळी पहिल्या ठिकाणी पडते. ‘आयाबाया’ दुसऱ्या ठिकाणी झकास बसेल, पण त्याला एकवचन नाही आणि अर्थ निव्वळ शेजारपाजारच्या बायका. ‘मातृस्त्री’ तिन्हीकडे बसते, फक्त ती मराठी नाही.

शेवंती:
व्याख्येच्या आधीच्या वाक्यात पंखही आहेत. पिलांवर काही येतंय असं वाटताच या बायका पंख पसरून फडफडतात. तिथे ‘मायेची पाखर घालणाऱ्या’ घ्यावं असं मनात आहे. ‘पाखर घालणारी नव्हती’ हे नकारातही चालतं.

अनुवादक_ठाणे:
‘पाखर’ अजिबात नको. पंख पुढे वारंवार येतात. याच परिच्छेदाच्या शेवटी त्या बायकांना देवदूतांचे पंख फुटतात. सत्ताविसाव्या प्रकरणात पियानोवादक मादमोझेल राइस एड्नाचे खांदे चाचपून पंखांत बळ आहे का ते बघते, कारण रूढीच्या वर उडायचं तर पंख बळकट हवेत. शेवटच्या प्रकरणात पंख मोडलेला पक्षी पाण्याकडे कोसळतो. चौथ्यात ‘पाखर’ आणि पुढे ‘पंख’ केलंत तर वाचकाला हा धागा दिसणारच नाही. कोंबडीचा, देवदूताचा, उडणाऱ्या पक्ष्याचा, सगळीकडे एकच शब्द ठेवा.

वसईकर:
‘माउली’ का नको? एकवचन आहे, माउल्या हे अनेकवचन आहे, आणि ‘ती माउली नव्हती’ म्हटल्यावर कुणी मुलं मोजायला जात नाही. व्याख्येतला पूजेचा, पावित्र्याचा सूरही त्यात आपोआप येतो. ग्रँड आइलवरचा क्रिओल, म्हणजे लुइझियानातला फ्रेंच वळणाचा, समाज कॅथलिक आहे. आमच्याकडे मरियेला माउली म्हणतात, वांद्र्याची मोत माउली सगळ्यांना ठाऊक आहे. पाचव्या प्रकरणात एड्नाची मैत्रीण अडेल रातिन्योल, या ‘मदर-वुमन’ बायकांचा नमुनाच, शिवणकाम घेऊन बसलेली असते तेव्हा एड्नाला ती मॅडोनासारखी दिसते, मादक असली तरी मॅडोनाच. माउली शब्द घेतलात तर ही दोन प्रकरणं जोडली जातील.

नानाकाका:
माउली म्हटलं की ज्ञानोबा. वारकऱ्यांचा शब्द न्यू ऑर्लिन्सच्या बायकांना लावायचा? हे सहन होत नाही.

वसईकर:
नाना, शब्द कुणा एकाचा नसतो. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसांनी तो मरियेसाठी वापरला, तो वापरही मराठीच आहे.

गोदातीर:
माझी हरकत वेगळी. ‘माउली’त बोलणाऱ्याचं प्रेम मिसळलेलं असतं. शोपां यांच्या वाक्याला धार आहे. त्या अडेलची थट्टा करत नाहीत, तिचं सौंदर्य मन लावून रंगवतात. पण लग्नाला सात वर्षं, दर दोन वर्षांनी मूल, तीन झाली, चौथ्याचा विचार चालू, हे हिशेबासारखं मांडतात. ती धार ‘माउली’त बोथट होते. मी ‘आईपणात विरघळलेल्या’ म्हणेन. लांब आहे, पण ‘पुसून टाकणं’ त्यात येतं.

शेवंती:
‘विरघळलेली नव्हती’ ऐकलं की विरघळायला हवं होतं असं वाटतं.

भाषाभिक्षू:
१८९९ची कादंबरी आहे तर त्याच काळातल्या मराठी बायकांची बोली घ्या. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ‘करमणूक’मध्ये १८९०पासून क्रमशः आली. तिची नायिका यमू स्वतः बोलते, घरातल्या बायकांचे शब्द तिच्या तोंडी आयते सापडतील.

गोदातीर:
वाक्यांची ठेवण घ्या, नात्यांचे शब्द मुळीच नको. यमूच्या जगात सासर आहे, सोवळं आहे, केशवपन आहे. एड्नाच्या घरात सासू नाही. नोकरचाकर आहेत, मुलांना दाई आहे, मंगळवारी पाहुण्यांना भेटण्याचा रिवाज आहे. यमूवर सक्ती होते. एड्नाला कुणी कोंडत नाही, सगळे लाडच करतात, आणि म्हणूनच आपलं काय बिनसलंय हे तिला सांगता येत नाही. सासुरवासाचे शब्द आले की वाचक छळ शोधत बसेल.

अनुवादक_ठाणे:
अगदी. आणि त्याहून मोठी अडचण सोळाव्या प्रकरणात आहे. एड्ना अडेलला सांगते: जे अत्यावश्यक नाही ते देईन, पैसा देईन, मुलांसाठी जीव देईन, पण स्वतःला देणार नाही. मराठीत ‘जीव देणं’ म्हणजे आधी आत्महत्या. ‘विहिरीत जीव दिला’ असंच आपण म्हणतो.

भाषाभिक्षू:
मग ‘जीव ओवाळून टाकीन’ करा.

अनुवादक_ठाणे:
नको ना! शेवटी एड्ना समुद्रात पोहत दूर जाते. मुलं तिला आयुष्यभराच्या गुलामीत ओढणारे शत्रू वाटतात आणि नेमकं हेच जुनं बोलणं आठवतं. मराठीत ‘जीव देईन’ इथे दोन्ही अर्थांनी खरं ठरतं. मूळ इंग्रजीत नसलेली ही जोड आपल्या भाषेने दिली आहे, ती फेकू नका.

नानाकाका:
मूळात नाही ते घालू नये. आणि सोळाव्यातच शेवट फुटतो त्याचं काय?

गोदातीर:
खरा पेच ‘स्वतःला देणार नाही’चा आहे. बाईच्या तोंडी ते शरीरापुरतं ऐकू येतं. ‘मीपण देणार नाही’ म्हणावं तर संतांनी मीपण सोडायलाच शिकवलं आहे, एड्ना अहंकारी वाटेल. ‘स्वत्व’ भाषणातला शब्द. मी ‘मला मात्र देणार नाही’ असं ठेवीन. व्याकरण किंचित अडखळतं, आणि तिला स्वतःलाही तेव्हा नीट मांडता येत नसतं.

भाषाभिक्षू:
शीर्षक काय ठरलं? ‘जागृती’च ना? जाग आणि इंग्रजी ‘वेक’ एकाच धातूतले आहेत, छान जुळतं.

अनुवादक_ठाणे:
एकाच धातूतले नाहीत. संस्कृत ‘जागृ’चं नातं ग्रीक ‘एगेइरो’शी आहे, ‘वेक’ हा लॅटिन ‘विजिल’च्या घराण्यातला. आणि ‘जागृती’ चळवळीची होते, ‘जाग’ माणसाला येते. ‘तिला जाग आली’ यात ती कर्ता नाही, जाग आपोआप येते. तेराव्या प्रकरणात ती मादाम आंत्वानच्या घरी झोपते, उठल्यावर विचारते की मी किती वर्षं झोपले होते? अडतिसाव्यात डॉक्टरांना म्हणते की आयुष्यभर भ्रमात राहण्यापेक्षा, दुःख झालं तरी, जाग आलेली बरी. दोन्हीकडे ‘जाग’ सहज बसते.

नानाकाका:
‘जाग’ हे शीर्षक फार तोकडं वाटतं. ‘उमज’ बघा.

शेवंती:
शीर्षकाचं प्रकाशक बघतील. मला उद्या चौथं प्रकरण द्यायचंय. तूर्त ‘माउली’ घालते आणि समासात प्रश्नचिन्ह ठेवते. पण आणखी एक अडलंय: ‘नव्हत्या’ की ‘नव्हती’? सुरुवातीला निवेदन तिला बहुतेक ‘मिसेस पाँटेलिए’च म्हणतं, सहावं प्रकरण ‘एड्ना पाँटेलिए’ या पूर्ण नावाने उघडतं, पुढे नुसती ‘एड्ना’ वाढत जाते. इंग्रजीत फक्त नाव बदलतं, आपल्याला क्रियापदही बदलावं लागतं.

गोदातीर:
पाचव्यापर्यंत ‘त्या’, सहाव्यापासून ‘ती’. जगात माणूस म्हणून आपली जागा काय, हे तिला त्याच प्रकरणात उमगू लागतं.

नानाकाका:
मधेच अहो-जाहो सोडली तर वाचक छपाईची चूक समजेल. पहिल्यापासून ‘ती’ ठेवा.

वसईकर:
आणि नवऱ्याचं काय? लेओन्सला शेवटपर्यंत ‘ते’ म्हणणार का?